मजकूर आणि पत : २००६-०७ मधील स्पॅमचा पूर आणि ई-मेलच्या चाळण्यांचा इतिहास

१

ई-मेलची व्यवस्था सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या वाट्याला एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. महिनोन्‌महिने चोख काम करणारी चाळणी एकाएकी निकामी झाल्यासारखी भासते. काल ज्या टपालपेटीत एखाददुसरे उपद्रवी पत्र येत होते, तीत आज पन्नास पत्रे येऊन पडतात. मग चाळणीचे नियम कडक केले जातात. चार दिवसांनी एखादे महत्त्वाचे पत्र पोहोचलेच नाही, अशी तक्रार येते आणि नियम पुन्हा सैल करावे लागतात. हा प्रकार केवळ तांत्रिक गैरसोयीचा मानला जातो, आणि म्हणून त्याला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः त्याला सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि तो अभ्यासण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखात २००६-०७ मध्ये आलेला स्पॅमचा पूर मध्यवर्ती धरून या इतिहासाचा आढावा घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, पत्राचा मजकूर वाचून ते बरे की वाईट हे ठरविण्याचा मार्ग या पुराने अपुरा ठरविला, आणि त्यानंतरच्या व्यवस्थेने पत्राऐवजी पत्र पाठविणाराची ओळख व पत पाहण्यास आरंभ केला. या बदलाने उपद्रव बराच आटोक्यात आला. परंतु त्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला आहे.

‘स्पॅम’ या नावाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली बाजारात आणलेल्या डबाबंद मांसाचे हे नाव. १९७० साली ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एका प्रवेशात या शब्दाचा इतका भडिमार केला की बाकीचे संभाषण त्यात बुडून गेले. नको असलेल्या गोष्टीच्या पुनरुक्तीने हवी असलेली गोष्ट ऐकू न येणे, हा त्या विनोदाचा गाभा होता. न मागता घाऊक प्रमाणावर धाडलेल्या पत्रांना पुढे हेच नाव चिकटले, ते या दृष्टीने अन्वर्थक आहे.

२

स्पॅमचे मूळ ई-मेलच्या मूळ रचनेतच शोधावे लागते. त्यासाठी कागदी टपालाशी तुलना उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये १८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेनुसार एकसारखा व आगाऊ भरावयाचा टपालहशील सुरू झाला. हिंदुस्थानात १८५४ साली तसाच अर्ध्या आण्याचा दर लागू झाला. तिकीट न लावलेले पत्र ‘बैरंग’ ठरे आणि त्याचा दुप्पट हशील घेणाराकडून वसूल केला जाई. तथापि बैरंग पत्र नाकारण्याचा अधिकार घेणाराला होता. पोस्टमन दारात उभा राही, घेणारा लखोट्यावरील अक्षर पाही आणि पैसे द्यावयाचे की नाही हे ठरवी.

ई-मेल हे स्वभावतः बैरंग टपाल आहे. लक्षावधी पत्रे पाठविण्याचा खर्च पाठविणाराला जवळजवळ शून्य असतो. ती साठविण्याचा, चाळण्याचा आणि वाचण्याचा भार घेणारावर पडतो. परंतु ते नाकारण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. ही उणीव ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये, अर्पानेट हे संगणकजाल बाल्यावस्थेत असतानाच, जॉन पोस्टेल यांनी ‘जंक मेल’च्या प्रश्नावर एक छोटे टिपण प्रसृत केले. इंटरनेटच्या नियमपत्रांच्या मालिकेत त्याचा क्रमांक ७०६ आहे. आपल्याकडे येणारा प्रत्येक संदेश संगणकाला वाचावाच लागतो, निवडून नाकारता येत नाही, ही अडचण त्यात मांडली आहे. एखादा संगणक नीट वागत नसेल किंवा नुसता त्रास देत असेल, तर त्याच्याकडून येणारे संदेश दारातच परतविण्याची सोय असावी, असे त्यांनी सुचविले. पोस्टेल यांनी संदेशाचा मजकूर तपासण्याची भाषा केली नव्हती. त्यांचा रोख संदेशाच्या उगमाकडे होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

हे टिपण प्रसृत झाल्यावर तीन वर्षांच्या आतच, मे १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचे विक्रेते गॅरी थुर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे चारशे जणांना एकाच वेळी धाडले. ई-मेलमधील पहिला स्पॅम म्हणून याची नोंद केली जाते. जालाच्या चालकांनी कडक समज दिली आणि तो प्रकार तेथेच थांबला. थांबण्याचे कारण उघड होते. अर्पानेटवरील मंडळी थोडी आणि एकमेकांना ठाऊक असलेली होती. नियम मोडणारा कोण हे सर्वांना कळत होते.

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच ई-मेलच्या वाहतुकीचे नियम निश्चित केले. ‘एस्‌एम्‌टीपी’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती आजही मूलतः तीच आहे. तिच्यात पत्र देणाऱ्या संगणकाने प्रेषकाचे जे नाव सांगावे, ते घेणाऱ्या संगणकाने खरे मानावे, अशी योजना होती. लहान व परिचित समाजासाठी ती पुरेशी होती. जाल सर्वांसाठी खुले झाले तेव्हा समाज बदलला, पण नियम मात्र गावकीच्या काळचेच राहिले.

३

बदललेल्या समाजाचा प्रत्यय १९९४ साली आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅरिझोनातील कँटर व सीगल या वकील दांपत्याने अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्यांच्या सोडतीची जाहिरात ‘यूजनेट’वरील हजारो चर्चागटांत एकाच वेळी टाकली. थुर्क यांच्याप्रमाणे त्यांनाही तंबी मिळाली. परंतु त्यांनी माघार न घेता या मार्गाने पैसा कसा मिळवावा यावर पुस्तकच लिहिले. सामाजिक धाकाचा उपाय संपला आणि यांत्रिक उपायांचे युग सुरू झाले.

या उपायांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला काळ्या यादीचा. १९९७ च्या सुमारास पॉल विक्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपद्रवी संगणकांच्या पत्त्यांची यादी ठेवण्यास आरंभ केला. १९९८ साली लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी ‘स्पॅमहाउस’ची स्थापना केली. दुसरा प्रकार ठशांचा. एकच पत्र लक्षावधी लोकांना जात असेल, तर एकाने ओळखलेल्या पत्राचा गणिती ठसा घेऊन इतरांनी तशी पत्रे अडवावी, ही त्यामागील कल्पना. विपुल वेद प्रकाश यांनी रचलेली ‘रेझर’ ही प्रणाली या वर्गातील होय. तिसरा प्रकार मजकूर वाचण्याचा. २००१ साली जस्टिन मेसन यांनी प्रसिद्ध केलेला ‘स्पॅमअसॅसिन’ पत्रातील संशयास्पद लक्षणांना गुण देई आणि बेरीज ठराविक मर्यादेपुढे गेली की पत्र बाजूला काढी.

या तिसऱ्या प्रकारात सर्वांत अधिक आशा निर्माण केली ती अठराव्या शतकातील टॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सिद्धान्तावर आधारलेल्या चाळणीने. १९९८ मध्ये सहामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर निबंध सादर केला होता. परंतु सामान्य संगणकज्ञांपर्यंत ही कल्पना पोहोचली ती ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी लिहिलेल्या लेखामुळे. बऱ्या व वाईट पत्रांचे दोन ढीग चाळणीला द्यावे. कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे तिने मोजावे. आणि नव्या पत्रातील सर्वांत बोलक्या शब्दांवरून निर्णय द्यावा, अशी ही रीत. हजार स्पॅमपत्रांमागे पाचांहून कमी पत्रे निसटतात आणि एकही चांगले पत्र अडत नाही, असा आपला अनुभव ग्रॅहॅम यांनी नमूद केला. जानेवारी २००४ मध्ये दाव्होस येथे बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल, असे भाकीत केले. त्या वेळच्या आशावादाचा हा कळस होता.

४

दोन वर्षांची ती मुदत संपली ते साल २००६. आणि त्याच वर्षी चाळण्या ओलांडून येणाऱ्या पत्रांचा अभूतपूर्व लोंढा सुरू झाला. या पत्रांत वाचण्याजोगा जाहिरातीचा मजकूरच नव्हता. होते ते एक चित्र, आणि त्या चित्रात अक्षरे. माणसाच्या डोळ्यांना ती सहज वाचता येत. शब्द मोजणाऱ्या चाळणीला मात्र तेथे शब्दच दिसत नसे. चित्राखाली पुष्कळदा कोठून तरी उचललेले निरुपद्रवी गद्य जोडलेले असे. ते वाचून चाळणीची खात्री पटे की पत्र सभ्य माणसाचे आहे.

ठसे घेणाऱ्या प्रणालींवरही तोड काढली गेली. प्रत्येक प्रतीत चित्रावर निराळे ठिपके शिंपडले जात, पार्श्वभूमीचा रंग किंचित बदलला जाई, कधी चित्राचे तुकडे करून ते घेणाराच्या पडद्यावर जुळविले जात. परिणामी एकाच पत्राच्या लक्ष प्रतींचे लक्ष निरनिराळे ठसे उमटत. काळ्या याद्यांची गतही फार निराळी नव्हती. २००३ मधील ‘सोबिग’ या विषाणूच्या काळापासून सामान्य लोकांचे संगणक त्यांच्या नकळत ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी स्पॅम पाठविण्याची प्रथा वाढत गेली होती. जानेवारी २००७ मध्ये ‘स्टॉर्म’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या घुसखोर कार्यक्रमाने अशा वेठबिगार संगणकांच्या फौजेत मोठी भर घातली. यादीत एक पत्ता चढेपर्यंत पत्रे दुसऱ्या पत्त्यांवरून निघू लागत.

या घटनेचे मूल्यमापन करताना दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. घेणाराला जाणवते ती गळती. परंतु गळती ही एकूण आवक आणि चाळणीचे सच्छिद्रपण यांचा गुणाकार असते. समजा, एखाद्या कार्यालयात रोज दहा हजार स्पॅमपत्रे येतात व चाळणी शंभरांतील नव्याण्णव अडविते. तर शंभर पत्रे आत शिरतील. आवक तीस हजारांवर गेली, तर चाळणीत तिळमात्र बिघाड न होताही तीनशे पत्रे शिरतील, आणि घेणारा म्हणेल की चाळणी बिघडली. उलट आवक तीच राहून पत्रांचे रूप बदलले, तर दोष खरोखर चाळणीचा असेल. पहिल्या प्रसंगी नियम कडक करणे म्हणजे निर्दोष चाळणीला शिक्षा देणे होय. त्यात भरडली जातात ती चांगली पत्रे. म्हणून अकस्मात गळती वाढली असता आधी आवक मोजावी, मग निसटलेल्या पत्रांचे नमुने पाहावे आणि त्यानंतर नियमांना हात घालावा, हा क्रम श्रेयस्कर ठरतो. २००६ मध्ये आवक आणि रूप ही दोन्ही एकाच वेळी पालटली, आणि त्यामुळेच त्या पुराने सर्वांना गोंधळात टाकले.

५

पहिला प्रतिकार अपेक्षेप्रमाणे मजकुराच्याच मार्गाने झाला. चित्रातील अक्षरे ओळखणारी जोड स्पॅमअसॅसिनला देण्यात आली. त्यावर स्पॅम पाठविणारांनी अक्षरे वाकडी केली आणि त्यांवर रेघा ओढल्या. माणूस आणि यंत्र यांतील भेद ओळखण्यासाठी संकेतस्थळांवर जी वेडीवाकडी अक्षरे दाखविली जातात, तीच युक्ती येथे उलट बाजूने वापरली गेली. शिवाय प्रत्येक चित्र वाचण्यास यंत्राला श्रम पडत आणि पत्रांची संख्या तर अफाट. वाचणाराचा खर्च लिहिणाराच्या खर्चाहून अधिक असेल, तर वाचणारा अखेरीस हरणारच.

या पुरातील पुष्कळ पत्रे क्षुल्लक कंपन्यांच्या समभागांची भलावण करणारी होती. पाठविणारे ते समभाग आधी घेऊन ठेवीत, पत्रांच्या भडिमाराने भाव चढवीत आणि विकून मोकळे होत. ८ मार्च २००७ रोजी अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने अशा ३५ कंपन्यांच्या समभागांचे व्यवहार तात्पुरते स्थगित केले. हा उपाय पत्राला हात न लावता पत्रामागील लाभावर घाव घालणारा होता. पत्रांनी मात्र रूप बदलणे सोडले नाही. २००७ च्या उन्हाळ्यात चित्रांची जागा पीडीएफ जोडपत्रांनी घेतली आणि ऑक्टोबरमध्ये तर बोलक्या ध्वनिफिती येऊ लागल्या. प्रत्येक नव्या वेषाला नवी चाळणी हवी, हा क्रम कोठेच संपणारा नव्हता.

११ नोव्हेंबर २००८ रोजी घडलेली घटना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. कॅलिफोर्नियातील मॅककोलो या कंपनीच्या आश्रयाने वेठबिगार संगणकांच्या अनेक फौजांची सूत्रे हलविली जात होती. ब्रायन क्रेब्स या पत्रकाराने यासंबंधी माहिती उजेडात आणल्यावर मॅककोलोला जाळ्याशी जोडणाऱ्या कंपन्यांनी तिचा संबंध तोडला आणि जगातील स्पॅमची आवक एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांशाने घटली. जगातील कोणत्याही चाळणीत त्या दिवशी काही सुधारणा झाली नव्हती. काही महिन्यांत आवक पुन्हा पूर्वपदावर आली, हेही खरे. परंतु उगमावर इलाज केल्यास काय घडते याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

त्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘स्टॉर्म’च्या यंत्रणेत शिरून केलेले निरीक्षण प्रसिद्ध झाले. २६ दिवसांत धाडल्या गेलेल्या सुमारे ३५ कोटी पत्रांमागे केवळ २८ विक्री झाल्याचे त्यांना आढळले. एवढ्या तुटपुंज्या प्राप्तीवरही धंदा चालतो, कारण पाठविणाराचा खर्च नगण्य असतो. २०११ मधील त्यांच्या पुढील अभ्यासाने असे दाखविले की, स्पॅममधून विकल्या जाणाऱ्या औषधे, नकली वस्तू इत्यादींपैकी सुमारे ९५ टक्के मालाचे पैसे मोजक्या बँकांमार्फतच वळते होत. पत्रे अगणित, संगणक लक्षावधी, पण तिजोऱ्या थोड्या. इलाज कोठे करावा हे यावरून स्पष्ट होते.

६

उगमाकडे पाहण्याचा दुसरा मार्ग म्हणजे प्रेषकाची ओळख पटविणे. त्याची पायाभरणी पुराच्या आधीच झाली होती. आमच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणकोणत्या संगणकांना आहे, हे संस्थेने जाहीर करावे, अशी ‘एस्‌पीएफ्‌’ ही योजना एप्रिल २००६ मध्ये नियमपत्रात नोंदली गेली. प्रत्येक पत्रावर संस्थेची गणिती मोहोर उमटविणारी ‘डीकेआयएम्‌’ ही योजना मे २००७ मध्ये आली. ओळख पटली नाही तर पत्राचे काय करावे हे सांगणारी ‘डीमार्क’ ही योजना २०१२ मध्ये जाहीर झाली.

या योजनांचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. मोहोर खरी असली म्हणजे पत्र चांगले असते असे नव्हे. लबाड माणूसही स्वतःच्या नावाने सही करू शकतो. मोहोरेने एवढेच साधते की, पत्राचे बरेवाईटपण कोणाच्या खात्यावर मांडावे हे ठरते. हुंडी वटते ती अक्षर सुवाच्य आहे म्हणून नव्हे, तर ती लिहिणाऱ्या पेढीची पत आहे म्हणून. ई-मेलच्या चाळण्याही अशीच खातेवही ठेवू लागल्या. चित्र असो, जोडपत्र असो वा ध्वनिफीत असो, पत्राचा वेष आता दुय्यम ठरला. पोस्टेल यांनी १९७५ मध्ये दाखविलेल्या दिशेला व्यवहार तीस वर्षांच्या वळणाने येऊन पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्याच्या क्षेत्रातही मजकूर आणि ओळख यांतील हाच भेद दिसून येतो. अमेरिकेत १ जानेवारी २००४ पासून अमलात आलेल्या ‘कॅन-स्पॅम’ कायद्याने व्यापारी पत्र पाठविण्यास बंदी केली नाही. खोटा प्रेषक व फसवा विषय यांस बंदी केली आणि पत्रे थांबविण्याची सोय देणे बंधनकारक केले. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या दुरुस्तीने आलेले ६६-अ हे कलम ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाले. त्याच्या तिसऱ्या उपखंडात त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून पाठविलेले ई-पत्र आणि उगमाविषयी दिशाभूल करणारे ई-पत्र, ही दोन्ही एकाच वाक्यात गुन्हा ठरविली होती. यांतील दुसरा भाग निश्चित व तपासता येण्याजोगा होता; पहिला मात्र घेणाराच्या मनःस्थितीवर अवलंबून होता. ‘त्रास’ हेच माप दुसऱ्या उपखंडातही होते आणि त्याचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली. या व अशा प्रसंगांतून उद्भवलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण कलम घटनाबाह्य ठरविले, आणि उगमाविषयीची उपयुक्त तरतूदही त्याबरोबर गेली. मजकुराने होणारा त्रास मोजू पाहणारा कायदा ही देखील एक चाळणीच होती. स्पॅम अडविण्यापूर्वी तिने माणसे अडविली.

७

पुराचा बंदोबस्त झाला, तरी तो कोणाच्या हातून व कशाच्या बदल्यात, हे पाहिल्याशिवाय विषय पुरा होत नाही. पाठविणाराची पत मोजावयाची तर कोट्यवधी पत्रे डोळ्यांखालून जावी लागतात. एवढी टपालपेढी थोड्याच कंपन्यांची आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक प्रेषकांसाठी नवे नियम लागू केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजार किंवा अधिक पत्रे पाठविणारास वरील तिन्ही ओळखयोजना सक्तीच्या झाल्या आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवणे भाग पडले. नियम म्हणून हे रास्तच आहेत. तथापि ते कोणत्याही विधिमंडळाने केलेले नाहीत, आणि त्यांचा अर्थ लावणारे न्यायासनही त्या कंपन्यांचेच आहे.

याचा भार पडतो तो लहानांवर. एखादे महाविद्यालय, एखादे नियतकालिक किंवा ग्रंथालय स्वतःचा टपालसंगणक चालवू लागले, तर त्याच्या खात्यावर वाईट काही नसते, पण चांगलेही काही नसते. बाजारात नव्या पेढीची हुंडी जशी कोणी सहजी घेत नाही, तशी त्याची पत्रे संशयाने पाहिली जातात. ती परत येत नाहीत. नुसती बाजूला पडतात, आणि आपले पत्र वाचले गेले नाही हे पाठविणाराला कळतही नाही. बैरंग पत्र नाकारले गेले तर ते निदान परत तरी येत असे. पोस्टेल यांच्या सूचनेतही नाकारलेल्या संदेशाच्या उगमाला तसे कळविण्याची तरतूद होती. आजच्या व्यवस्थेने नाकारण्याचा अर्धा भाग स्वीकारला आणि कळविण्याचा अर्धा भाग पुष्कळदा सोडून दिला. नोकरीचा अर्ज, प्रवेशाची सूचना, परीक्षकाचे उत्तर यांपैकी काहीही या मौनात हरवू शकते. हा त्रास टाळण्यासाठी लहान संस्था मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाला जातात आणि टपालाची खुली व्यवस्था आणखी थोड्या हातांत जाते.

नोव्हेंबर २०२२ नंतर यंत्राकरवी निर्दोष व घरगुती वळणाचे गद्य लिहविणे कोणासही सुलभ झाले आहे. भाषेतील चुकांवरून लबाडी ओळखण्याचा जुना आधार त्यामुळे अधिकच डळमळीत झाला आणि पत पाहण्याकडे असलेला कल आणखी बळावणार, हे उघड आहे. अशा वेळी २००६-०७ चा धडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. मजकुरावर विसंबलेली चाळणी वेषांतरापुढे टिकत नाही, हा त्याचा पहिला अर्ध. ज्याच्या हाती पत मोजण्याची वही असते त्याच्या हाती टपालाचे दारही जाते, हा दुसरा. पहिला अर्ध तंत्रज्ञांनी आत्मसात केला आहे. दुसऱ्याचा विचार इतिहास, कायदा आणि समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांनी करावयाचा आहे. आणि नाकारलेल्या पत्राची वर्दी पाठविणाराला मिळालीच पाहिजे, या साध्या मागणीपासून त्याचा आरंभ करता येईल.